पाठीला खिडकी

नकाशा आला तेव्हा त्याची सुरळी सुटत नव्हती.
भायखळ्याच्या बंद पडलेल्या मिशन शाळेच्या माळ्यावरून,
कबुतरांच्या पिसांसकट.
चलनावर एवढंच : भिंतीचा नकाशा, अमेरिका, एक नग.

तीन दिवस ओलसर टीपकागदात निजवला.
चौथ्या दिवशी अंग सैल केलं त्याने
आणि मिसिसिपीच्या घडीवर दोन तुकडे झाला.

मी गव्हाची खळ शिजवत होतो.
धनवंती वैती भिंग घेऊन पश्चिमेकडे निघाली,
सगळे जातात तशीच, डावीकडे.
फ्रान्सकडून विकत घेतलेली जमीन पिवळी.
मेक्सिकोकडून लढून घेतलेली गुलाबी.
"सर, विकणाऱ्याची तरी होती का ती?"
मी म्हटलं, ढवळायचं थांबलो तर गुठळ्या होतात.

मग तिला एक हिरवट चौकोन सापडला,
त्यावर मुंगीएवढी अक्षरं : इंडियन टेरिटरी.
"आपण इथे कधी गेलो?"
ती हसली, मीही हसलो.
मग सांगितलं, की कुणा वाट चुकलेल्या गलबतामुळे
ज्यांना आपलं नाव चिकटलं,
त्यांना घरातून उठवून, नद्या ओलांडून, थंडीत, पायी
या चौकोनात आणून ठेवलं.
आणि पुढे चौकोनही काढून घेतला.
भिंग पदराला पुसत ती म्हणाली,
"वरळीत आमच्या वाळवणाच्या जागेला
नकाशात 'मोकळी जागा' लिहिलंय."

नकाशा उलटा केला तर पाठीवर पेन्सिल. मोडी.
मोडी मला येते, पण पाहुणीसारखी,
दारात बराच वेळ उभी राहते, मग बसते.
दुपारपर्यंत एवढं लागलं :

'इयत्ता तिसरी, मुली.
गुलामांच्या सुटकेच्या फंडास जमा.
साळू, दोन पै.
रिबका, अर्धा आणा.
ठकू, एक पै, उसनी.
गोदी, काही नाही, परंतु रडली.
मैना, लग्न झाले, येत नाही.
एकूण दहा पै.'

तारीख कसरीने खाल्लेली.
मी बोटांवर तीनदा मोजलं. नऊच होतात.

मग त्या मुलुखात लढाई पेटली
आणि शाळेपासून तासाभराच्या चालीवर
रुईच्या गंजींमागे दलाल
आगबोटीच्या डाकेची वाट बघत,
ती संपू नये म्हणून नवस बोलू लागले.
लोकांनी गाद्या उसवून जुना कापूस विकला.
त्या पैशाचे दगड समुद्रात पडले.
मी रोज डबा घेऊन येतो तो रस्ता
त्या भरावावर आहे की नाही,
कधी विचारलं नाही. पगार इथेच होतो.
तेव्हा साळू कुठे होती, ठकूने ती पै फेडली का,
हे कुणाच्याच वहीत नाही.

आमच्या कामाचा नियम साधा :
भोक बुजवावं, भोकातलं चित्र काढू नये.
ओरेगनचा कोपरा गेलाय, तो कोरा ठेवला.
पण पाठीला मलमल चिकटवल्याशिवाय
नकाशा टांगता येत नाही,
आणि मलमल चिकटवली की मुली गेल्या.
कार्यालयातून निरोप आला :
दर्शनी बाजू महत्त्वाची. उद्घाटन सोमवारी.

धनवंतीने मला विचारलं नाही.
मलमलीत वीतभर चौकोन कापला,
कडा दुमडल्या, खळ बोटानेच फिरवली,
जावळावरून फिरवावी तशी.
"टांगल्यावर दिसणार कुणाला?"
"भिंतीला," ती म्हणाली.

शनिवारी वजनाखाली ठेवून अहवाल लिहिला :
दोन तुकडे जोडले. रंग वाढवला नाही.
पाठीस एक खिडकी.
आत नऊ पै जमा, दहा लिहिलेले.
दुरुस्ती केली नाही.