लेस्लीची बाजू

भांडण सुरू झालं तेव्हा कोरी कॅसेट पंचवीस रुपयांना होती
आणि बर्डीच्या गल्लीत माझं दुकान, म्हणजे
एक काउंटर, दोन डेक, एक टेबलफॅन.
तिघं यायचे. टेप एकच जण भरून घ्यायचा,
उरलेले दोघं काउंटरला टेकून त्याची अक्कल काढायचे.

मेश्राम हिंगण्याला प्रेसवर. त्याचं म्हणणं, सगळं सॅबथपासून.
"घराले दरवाजाच नव्हता ना बे पहिले,
अन् तू खिडक्या मोजून राहिला!"
परातेच्या घरी गोळीबार चौकात चार पॉवरलूम.
त्याला मेडन. मांडीवर बोटं आपटून दाखवायचा,
टकडक टकडक टकडक,
"हा बास नाही बाप्पा, आमच्या घरचा माग होय."
लेस्ली अजनीच्या रेल्वे कॉलनीतला, गार्डाचा मुलगा.
प्रीस्टसाठी भर मे महिन्यात
लेदरचं जॅकेट घालून यायचा.
शेहेचाळीस डिग्री. काढलं की
शर्टाच्या पाठीवर मिठाचे नकाशे.
"गिटार दोनच पाहिजेत," म्हणायचा,
"एका रुळावर गाडी चालते का?"

मी कोणाच्याच बाजूने नव्हते.
मी स्पिरिटच्या बोळ्याने डेकचं हेड पुसत असे.
कोण एकटा आला की काय भरून नेतो
ते मला माहीत होतं. दुकानदाराने बोलायचं नसतं.

मग एका दिवाळीच्या तोंडावर
प्रेसने मेश्रामची दोन बोटं नेली, पेरापर्यंत.
मेडिकलच्या वॉर्डात आम्ही चौघं, काय बोलावं.
तोच बोलला, "आता तरी मानता का?"
त्या बर्मिंगहॅमच्या पोराचीही बोटं
पत्र्याच्या कारखान्यातच गेली होती.
त्याने प्लास्टिक वितळवून टोप्या केल्या, तारा सैल केल्या,
आणि त्या सैल तारांतून तो आवाज आला, जड,
ओल्या पोत्यासारखा.
मेश्रामने फिनाइलची बाटली गॅसवर धरली.
बायकोने घर डोक्यावर घेतलं.
टोप्या झाल्या, पण तारेला चिकटायच्या.
दीड ओळ वाजली, पुढे नाही.
प्रभाव प्रभाव म्हणतात तो हिंगणा एमआयडीसीत
एवढाच पोचला.
कोणाला नोंदवायचा असेल तर नोंदवा.

दुकान गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं.
भांडण रस्त्यावर आलं, रविवारी सकाळी सातला,
मेट्रोच्या खांबाखाली तर्री-पोह्याच्या गाडीवर.
केस गेले तिघांचे. मुद्दे तेच.
पोह्यावाल्या पोराने एकदा हळूच विचारलं,
"काकाजी, हे सॅबथ कोणत्या वार्डातून उभे हायेत?"
लेस्ली इतका हसला की तर्री नाकात गेली.

मागच्या एप्रिलमध्ये तो गेला.
जरीपटक्याच्या दफनभूमीत जॅकेट पेटीवर ठेवलं होतं,
बहिणीने ते ऐनवेळी उचलून घेतलं, नीट घडी केली,
पिशवीत टाकलं. कुणी काही म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी मेश्रामने नेहमीसारखं सुरू केलं,
सॅबथ नसते तर, आणि थांबला.
समोर कोणी नाही.
पराते चमच्याने पोहे उकरत होता. तीस वर्षांत ज्याने
एकदाही प्रीस्टला हो म्हटलं नाही, तो म्हणाला,
"एका रुळावर गाडी चालते का बे?"
मेश्राम चिडला. खरंच चिडला.
"तू मेडनवाला! तू काऊन बोलून राहिला?"
"त्याच्याकडून बोलून राहिलो.
कोणी तरी बोलाले पाहिजे ना."
मग काय जुंपली. पराते लेस्लीपेक्षा बरा भांडत होता,
दोन-तीन मुद्दे तर लेस्लीला कधी सुचलेच नव्हते.

मी बघत होते. जिभेवर आलं होतं,
की दर गुरुवारी दुपारी, शटर अर्धं असताना,
लेस्ली एकटा यायचा. साठ मिनिटांची टेप,
दोन्ही बाजूंना सॅबथ.
"वर भक्तिगीतं लिही," म्हणायचा, "मम्मी बघते."

मेश्राम हरत आला होता, कपाळावर घाम.
एका वाक्यात जिंकला असता.

मी पोराला म्हटलं, जरा लिंबू दे,
आणि तर्री वाढव.