चमचे थांबेपर्यंत

मी रोज रात्री नऊ पन्नासला मरतो.
शनिवारी दोनदा.
त्याआधी सूप वाढतो, पाव संपला का बघतो,
कुणाला शेंगदाणे चालत नाहीत
ते बाहीच्या आत पेनने लिहून ठेवतो.

बाहेर उणे एकतीस. गोठलेल्या विनिपेग तळ्याच्या काठी
ही जुनी मासळीची वखार, आता नाटकघर.
अंगणात गाड्या वायरींनी भिंतीला जोडलेल्या,
दावणीला गुरं असावीत तशा,
रात्रीत इंजिनं गारठू नयेत म्हणून.
आत एकशे चाळीस माणसं. नुसते कोट उतरवण्यातच
निम्मी घामाघूम.
आणि मार्लीस, पहिल्या अंकातली माझी नवरी,
मुदपाकखान्याच्या खिडकीत वाकून ओरडतेय :
दोन पिकरेल, एक बिनसॉसचा, अडलाय कुठे?

मग दिवे उतरतात.
मी एप्रन सोडतो, दीपगृहाच्या राखणदाराचा कोट चढवतो.
खिशात बिलांचं पॅड तसंच.
एक पियानो, एक व्हायोलिन, ड्रमवर खाटकाचा मुलगा,
एवढ्या भांडवलावर आम्ही वादळ उठवतो
आणि लोक खरंच टेबलाच्या कडा धरून बसतात,
बोटांना ग्रेव्ही लागलेली असली तरी.

त्या रात्री सात नंबरवर आर्नी ब्यार्नासन, वय ब्याऐंशी.
त्याची बायको त्याच्या माशातले काटे काढत होती
बोटांच्या अंदाजाने,
नजर माझ्यावरून न हलवता.
त्याचे ओठ हलत होते.
वाटलं, चावतोय.
मग कळलं, माझंच गाणं म्हणतोय,
माझ्या अर्धी मात्रा पुढे.

तिसऱ्या कडव्याशी माझं डोकं कोरं.
पियानोवाली तोच तुकडा फिरवत राहिली,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझ्याकडे डोळे वटारून.
आणि सातवरून, गंजलेल्या बिजागरीच्या आवाजात :
दिवा मी लावला, तेल तिचं होतं.
मी ओळ उचलली. लोकांना वाटलं, नाटकातच आहे.
टाळ्यासुद्धा पडल्या.
मग नेहमीच्या तिसऱ्या पायरीवर
नेहमीसारखा मेलो, डावा पाय अंगाखाली.

मेल्यावर बारा मिनिटांनी
मी कॉफीची किटली घेऊन त्यांच्याजवळ उभा.
साधी की डिकॅफ?
‘अरे, तू तर आत्ताच गेलास ना?’ म्हातारी म्हणाली.
आर्नी हसला नाही.
याच पायरीवर तो एकोणीस हिवाळे मेला होता,
दिवसभर मासे सोलून,
जेव्हा पडद्यालाही खवल्यांचा वास यायचा.
‘आवाज बरा आहे,’ तो म्हणाला, ‘पण मरायची घाई करतोस.
तेव्हा खाली विनार्तेर्ता वाढलेला असतो,
सुक्या आलुबुखाराचा, सात थरांचा. कोण सोडेल?
सूर धरून ठेव. चमचे ऐक.
सगळे थांबले की मग जा.’
बिलावर पाच डॉलर टिप ठेवली
आणि एक खोकल्याची गोळी.

काल मी थांबलो.
खिडकीजवळ एक चमचा. मागे दोन.
कोपऱ्यात कुणी बशी खरवडत होतं,
खरवडू दिलं. छातीत श्वास तळाला गेलेला.
मग छपरावरून बर्फ घसरल्याचं ऐकू आलं,
सगळ्यांनाच.
तेव्हा गेलो.

मार्लीस अजून कुरकुरतेय :
तुझ्या मरणापायी तीस कप कॉफी गार झाली.