चाळिसाच्या पुढं

काडेपेटीहून जरासाच मोठा निघाला.
आई म्हणाली, "एवढ्याला आठ हप्ते?"
अण्णांनी तळहातावर घेऊन तोलला,
विहिरीतून वर आणलेला नटबोल्ट तोलतात तसा.

अंकलखोप, भिलवडी, पार आष्ट्यापर्यंत
कुणाची मोटर बुडाली, पाइप निसटला,
फुटबॉल अडकला, की अण्णांना फोन.
खरा शब्द फुटव्हॉल्व्ह आहे,
पण तसं म्हटलं तर इथं दुकानदारही देत नाही.
अण्णा वर आले की भांडण ठरलेलं:
खाली खरंच एवढा गाळ होता,
का उगा पाचशे वाढवताय?
म्हणून मी मागवला.
पुराव्यासाठी.

बॅटरीचं दार नखाला दाद देईना,
आईच्या सेफ्टीपिनेला दिली.
कार्ड एकदा बसवलं, उलटं वाटलं,
फिरवलं, मग कळलं पहिलंच बरोबर होतं.
पडद्यावर भाषांची रांग.
"आपली?"
"नाही."
"असू दे. त्येला कुठं बोलायचंय."
मग त्यानं गाव विचारलं.
मी कोलकाता दाबलं तर अण्णा दचकले,
"आगं, तालुका पलूस सांग की."
तारीख तो स्वतःचीच धरून बसलेला,
एक जानेवारी दोन हजार सोळा.
"ऱ्हाऊ दे तशीच. तवा माझा गुडघा धड हुता."
मी बदलली. पुराव्याला खरी तारीख लागते.

टूं वाजलं.
शेळी उठून उभी राहिली.

पाण्यात न्यायच्या खोळीला काळी रबरी कड.
कागदावर चित्र होतं: कडेवर एक केस, त्यावर फुली.
आईनं खोळ उजेडाकडे धरली,
सुईत दोरा ओवताना धरते तशी,
आणि खरंच केस काढला,
पांढरा, आखूड, अण्णांचा.
मग बादलीत बुडवून अर्धा तास.
आम्ही तिघं भोवती बसलो,
जसं काही आत दूध तापतंय.

डोक्याचा पट्टा आधी नारळाला बसवून बघितला.

सूर्यवंशींच्या विहिरीवर अण्णांनी
पाण्याला हात लावून कपाळाला नेला,
तो कॅमेऱ्याला लागला.
हसले, आणि गेले.
काठावर आई. एक, दोन, तीन.
लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून ती मोजते आहे.
सत्तराला पाणी फुटलं.

रात्री फोनवर लावलं.
हिरवं. काळपट हिरवं.
मग अण्णांचे हात.
कामात असलेले ते हात मी कधी बघितले नव्हते,
अण्णांनीही नाही,
खाली ते डोळे मिटूनच असतात.
बोटं गाळात शिरली, चाचपली,
एक चिंधी ओढून काढली,
फुटबॉल सुटला.
आईचे ओठ हलत होते: अडतीस, एकोणचाळीस,
चाळीस.

आणि मग हात पाइपला धरून राहिले.
नुसते.
एक मासा आला, मनगटापाशी थांबला, गेला.
पन्नास.
पाइपावरचं शेवाळ हलत होतं.
साठ.

"परत लाव."
परत लावलं. परत चाळीस. परत तो मासा.
"हितं काय करत हुतासा?"
अण्णा भाकरी मोडत राहिले.
"काय न्हाय," म्हणाले. "गार वाटतंय तिथं."

सूर्यवंशींनी पुरावा मागितलाच नाही,
गपचूप पैसे दिले, वर वांगी.

पुढच्या विहिरीवर आईनं चाळीसपर्यंत मोजलं,
मग चपला काढून कठड्यावर बसली
आणि ओच्यातल्या शेंगा फोडायला लागली.