अल कुसैस, रात्रीची पाळी

रात्री दोनला मी काचा पुसायला येतो
तेव्हा तो थांब्यात आडवा झालेला असतो,
दप्तर उशाला, शाळेचे बूट पायात तसेच.
बाहेर दोन वाजताही उकडतं, काचेला घाम.
आत एसी. म्हणून हा थांबा.

तिसऱ्या रात्री नाव सांगितलं : शार्विल पेडणेकर.
दहावी. घर दोन गल्ल्या पलीकडे, अकरावा मजला.
"मार्क कमी पडले?"
"नाही."
मग बराच वेळ एसीचीच घरघर.
"मार्क नाही, काका."

आमच्यात कंपनी सोडून गेलेल्याला फरार म्हणतात,
कागदावर तसं चढतं.
घर सोडलेल्या पोराला काय म्हणतात
मला ठाऊक नाही.
त्याचा पासपोर्ट बापाच्या कपाटात,
माझा कंपनीच्या.
एकीकडे समुद्र, एकीकडे वाळू,
पळणार किती?

मीही सोळाव्या वर्षी निघालो होतो देवरुखहून,
चिऱ्यांच्या ट्रकमधून.
कुणी शोधायला आलं नाही.
हे त्याला सांगितलं नाही.

चारला सुपरवायझरची गाडी फिरते.
रस्त्याकडच्या काचेवर साबणाचा फेस मारतो
आणि तसाच ठेवतो,
दुसरीच काच घासत बसतो.

काल म्हणाला, "कोपऱ्यावरून बघून याल?
अकराव्यावर दिवा आहे का?"
गेलो. मान वर करून मजले मोजले,
दोनदा चुकलो.
परत येऊन म्हणालो, आहे.
त्यानं बुटाची नाडी सोडली,
पुन्हा बांधली.