बघे

घाटपांडे मॅडम फळ्यावर समीकरण मांडतात.
डावीकडे सिल्व्हर नायट्रेट, अधिक मीठ.
उजवीकडे पांढरा साका, त्याच्यापुढे खाली जाणारा बाण.
मग सगळ्यांना सुटं करतात.
पाण्यात ही जोडीनं राहत नाहीत, म्हणतात,
जो तो आपापला भार घेऊन हिंडतो.

"आता दोन्हीकडे जे सारखे, ते खोडा."
पन्नास पेनं एकदम चालतात.
सोडियम गेला. नायट्रेट गेलं.
उरली चांदी, क्लोराइड आणि त्यांचा साका.
"बाकीचे नुसते बघे."

वर्ग हसतो. बघे म्हणजे काय
हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही.
दांडेकर पुलाशी स्कूटर घसरली की
भाजीच्या पिशव्यांसकट उभे राहतात,
चूक कुणाची ते ठरवतात,
आणि जसे आले तसेच जातात.

तिसऱ्या बाकावरची तहसीन हात वर करते:
"मॅडम, मग ते आलेच कशाला?"
तेवढ्यात घंटा.

मी टेमघरे. मागच्या कपाटाशी उभा असतो.
एकतीस वर्षं बाटल्या भरतोय,
सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी,
लोक विचारतात, आज कुठलं मतदान?
परीक्षेला पोरांना बजावतो,
शेवटचं धुणं ऊर्ध्वपातित पाण्यानं.
नळाचं लागलं तर ज्यात त्यात क्लोराइड निघेल
आणि मार्क खडकवासल्याला जातील.

तहसीनचं उत्तर मला येत होतं.
पण तासाला परिचरानं बोलायचं नसतं.

रविवार पेठेत जा, मुली,
शहांच्या दुकानात सांग, किलोभर क्लोराइड द्या,
एकटं.
ते चष्म्यावरून बघतील. कशाबरोबर?
सोडियमबरोबर आहे, पोटॅशियमबरोबर आहे,
एकटं येत नाही ते.
कुणीतरी आणून सोडावं लागतं.

सत्त्याण्णव साली मीच गेलो होतो
साबण्यांचा विद्याधर आणि मार्था साळवे यांच्याबरोबर
रजिस्ट्रार कचेरीत.
दोघांच्या घरचं कुणी नाही.
साक्षीदार क्रमांक दोन, सही इथे.
कारकुनानं पेन दिलं ते शाई सोडत होतं.
नंतर तिघांनी कँपात बसून मस्का-पाव खाल्ला,
विद्याधरनं पैसे द्यायला खिसा चाचपला, मी दिले.
मग त्यांची बस वेगळी, माझी वेगळी.
गेलो तेव्हा एकटा होतो,
आलो तेव्हाही एकटा.
त्यांच्या फोटोत कडेला माझा एक खांदा आहे.
फ्रेम करताना तो कापला असेल.
कापलाच पाहिजे, फ्रेम लहान असते.

मॅडम चुकीचं शिकवत नाहीत.
घडलं कुणाचं, हे विचारलं तर
उत्तर तेवढंच, एका ओळीचं.

तरी त्या शनिवारी मी साका गाळून घेतला.
गाळणकागद खिडकीत ठेवला, उन्हानं तो जांभळट पडत गेला,
चांदीला उजेड सोसत नाही.
खालचं पाणी नेहमी सिंकमधून मुठेला जातं.
ते नाही ओतलं.
बशीत ठेवलं, वर गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेचं पान,
फेब्रुवारीची कोरडी हवा.

रविवार मध्ये गेला. सोमवारी पाणी अर्धं होतं.
गुरुवारी बशीच्या कडेला पहिला खडा.
मिठासारखा काटकोनी नाही,
जरा कलता,
कुणीतरी शेजारी बसल्यासारखा.

मॅडम रजिस्टरवर सही करायला आल्या,
बशी हातात घेतली, उजेडाकडं धरली.
"हे काय हो, टेमघरे? कुणाचं आहे?"

"परवाचे बघे, मॅडम," म्हटलं.
"अजून गेले नाहीत."

त्यांनी बशी हळूच खाली ठेवली,
पान पुन्हा झाकलं,
आणि विचारलं, ती कोंढव्याची मुलगी
आज आलीय का.