नेलपॉलिश

ओम्नीच्या डॅशबोर्डखालच्या खणात
पीयूसीच्या जुन्या कागदांमागे
नेलपॉलिशची बाटली सापडली.
लाल. अर्धी संपलेली.
माझी नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

मग खाली वाकून पाहिलं.
डाव्या दाराच्या कडेला, बंपरवर, चाकाच्या कमानीवर
बारीक ब्रशचे फटकारे, एकावर एक,
गाडीच्या लालाहून थोडे जास्त लाल.
आणि एका जागी झाकायचा राहून गेलेला
दासरींच्या फाटकाचा हिरवा.

म्हणजे नान्ना नव्या पेठेत गेले असतील,
बायकांच्या गर्दीत उभे राहिले असतील बांगड्यांच्या दुकानात,
"एवढा गडद नको" म्हणाले असतील.
आईला ज्यांनी उभ्या जन्मात साधी टिकली आणली नाही.

चाळीस वर्षं अशोक चौकातल्या कारखान्यात
टॉवेलच्या ताण्यातला तुटलेला एक धागा
त्यांना चालता चालता दिसायचा.
खटक्यांत कान गेले, ते आम्ही कधीच मान्य केलं,
त्यांनी नाही.
"हॉर्न मारणाऱ्याला घाई असते," एवढंच.

मला त्यांनी होम मैदानावर शिकवलं होतं.
गड्डा नुकता उठलेला,
पाळण्यांच्या खांबांचे खड्डे तसेच,
त्यांतून वळणं घ्यायला लावायचे.
"बोनेटकडं काय बघतीस? लांब बघ."

काल सात रस्त्याला दिवा हिरवा झाला
आणि आम्ही उभेच.
मागे रिक्षा, सिटी बस. कुणीतरी शिवी घातली,
ती फक्त मला ऐकू आली.
नान्नांचे हात स्टेअरिंगवर नीट, दहा आणि दोनच्या जागी.
नजर लांब.
मग हळूच, आईशी बोलायचे त्या तेलुगूत,
"एटु?"
कुठल्या बाजूला.
या चौकातून किती हजार वेळा गेले असतील,
सायकलवर सुताची बाचकी बांधून, मग लुनावर, मग हिच्यात.

"डावीकडं," मी म्हटलं. "हळू."
घरापर्यंत मी माझ्या पायाखाली
नसलेला ब्रेक दाबत राहिले.

संध्याकाळी ते गाडीपाशी उकिडवे बसलेले,
बाटली उघडी, हात थरथरतोय,
नवा ओरखडा एकीकडे, रंग भलतीकडे.
काय काय बोलायचं ते मी महिनाभर ठरवत होते.
डॉक्टरांचं नाव घ्यायचं, नातवंडांचं घ्यायचं.
शेजारी बसले. "द्या इकडं," म्हटलं.
मी रंगवलं. त्यांनी मोबाइलचा उजेड धरला.
बराच वेळ गेल्यावर म्हणाले,
"बाणा तुटला की माग आपला आपण थांबायचा."
मी "हं" म्हटलं.

आज दवाखान्यात जायचं होतं.
किल्ली टीव्हीवर होती, नेहमीच्या जागी.
ती त्यांनी उचलली नाही.
गाडीला पुढून वळसा घालून
डावीकडं जाऊन बसले,
आणि बेल्टसाठी हात सवयीनं
उजव्या खांद्यामागं गेला,
तिथं चाचपत राहिला.