हलकं होणारं चाक

नोव्हेंबरात कायानीला तीन वाजताच दिवे लागतात.
दुकानात तेव्हा गिऱ्हाईक कमी,
गरम हवेच्या पंख्याची घरघर जास्त.
मांडणीवर तीन चाकं शेजारी शेजारी,
ज्यांना गाडीच नाही अशी स्टिअरिंगं.

तैस्तो काऱ्हू आला मंगळवारी.
हातमोजे काढून खिशात कोंबले
आणि विचारलं,
"यातलं खरं कुठलं?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
हे गिअरवालं, स्वस्त, जरा खडखडतं.
हे पट्ट्यावालं, मऊ, आवाज नाही.
हे तिसरं थेट मोटरवर,
याच्या किमतीत तुमची पहिली गाडी आली असेल.
आणि आधी सांगा, कन्सोल कुठला?
एकाचं चाक दुसऱ्याला चालत नाही.

त्यानं घडी घातलेला कागद काढला.
वर कन्सोलचं नाव, मोठ्ठ्या अक्षरांत,
सैन्यात जाण्याआधी नातवानं, वेर्नेरीनं, लिहून दिलेलं.
खाली त्याचं स्वतःचं, पेन्सिलीत:
टेबल बर्चचं. जाडी सहा सेंटिमीटर.

मग बसला.
हात घड्याळातल्या पावणेतीनच्या जागी,
आणि डोळे मिटले.
(डोळ्यांचा तसाही भरवसा नव्हता.
डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच परवाना काढून घेतलेला.
मला हे मागाहून कळलं.)

"अडतीस हिवाळे लाकूड वाहिलं,
सुओमुस्साल्मीच्या रस्त्यानं.
रस्ता आधी मनगटाला कळतो, पोरी,
डोळे उशिरा येतात.
खाली बर्फ लागला की चाक हलकं होतं,
पलीकडून कुणी हात सोडल्यासारखं.
तेवढं एक या चाकांना येतं का, बघायचंय."

पहिलं फिरवलं. "बडबडं आहे.
डांबर असो, खडी असो, एकच रडगाणं."
दुसरं फिरवलं. "हे लाघवी.
सगळ्याला हो म्हणतं."

तिसऱ्यावर तो बराच वेळ गप्प होता.
पडद्यावर पांढरा रस्ता, डावीकडे उतरतं वळण,
आणि तिथं ते हलकं झालं.
मला बाहेरून दिसलं.
त्याचा उजवा पाय आपसूक उचलला गेला,
बोटं थांबली,
कानाची पाळी लाल झाली.

हात पँटला पुसत म्हणाला,
"हे खरं बोलतं."

मी शिडी लावून खोकं काढायला गेले.

"नको. खाली ये.
इतकं खरं घरात नको.
मी ते एकदा ऐकलंय, एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत,
आणि तेव्हा शेजारच्या सीटवर माणूस होता."

मी विचारलं नाही.
पंखा घरघरत होता.

मधलं घेतलं त्यानं, लाघवी.
"पण ब्रेकचं पेडल मात्र जड दे,
दाब मोजणारं.
पायाखाली काहीतरी अडलं पाहिजे."

दोन आठवड्यांनी परत आला.
मला वाटलं, आता पावती मागणार.

"तुमचा शिकंजा टेबलाला बसेना.
एका कडेनं रंधून काढलं टेबल.
आइला बघत होती, बोलली नाही,
तिनं कॉफी दुसऱ्या कडेला सरकवली.
तक्रार ती नाही.
तक्रार अशी, की त्या रस्त्यावर
रेनडिअर कधी आडवं येत नाही.
मी दर वळणाला वेग कमी करतो
आणि शेवटून दुसरा येतो."

"तुमच्या मागे कोण असतं?"

"ब्राझीलचा एक पोरगा. त्याच्याकडे चाक नाही,
बटणांवर चालवतो बिचारा."

हातमोजे घालता घालता, दारापाशी,
"जो पुढे काढतो त्याला
मी चाकावरून दोन बोटं उचलून दाखवतो.
आमच्या रस्त्यावरची रीत.
त्यांना दिसत नसेल ना ते?"

"नाही," मी म्हटलं.

"हं," म्हणाला,
आणि बाहेरच्या अंधारात पाय जपून टाकत गेला,
बर्फ आधी बुटानं चाचपून.